वीस जागा आणि बांधी नसलेली माणसं

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

"मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेत. जंगल सांभाळायला समिती आहे, तिची मी सचिव. एका संस्थेनं गावात तीन महिन्यांचं वनकौशल्य प्रशिक्षण घ्यायचं ठरवलंय. बांबूची तोडणी, बांबूकाम, मध, डिंक असे विषय आहेत. जागा वीस. कागदावर लिहिलंय, 'वंचित घटकांसाठी'. अर्ज मागवले तर आले ते बारावी झालेल्या पोरांचे, त्यात माझ्या दिराचाही. ज्यांच्यासाठी हे आहे म्हणतात, त्यांच्यातले तिघंच आले. एक विधवा बाई, तिला दोन वर्षांचं लेकरू. एक ऐकू न येणारा मुलगा. आणि एक जण, जो कामाला चांगला पण पितो. गावात बुरडांचं एकच घर आहे. त्या काकू सुपं-टोपल्या करतात. त्यांनी अर्जच केला नाही. म्हणाल्या, मला काय शिकवता. मागच्या वर्षी शिवणकामाचा वर्ग झाला होता. आठव्या दिवशी निम्म्या बाया गायब, शेवटी प्रमाणपत्रं वाटली, मशिनी अजून आल्या नाहीत. संस्था म्हणते, लोकांनाच गरज वाटत नाही. समितीतले म्हणतात, शिकलेल्या पोरांनाच घ्या, निदान टिकतील. मी अडून बसलेय, तर घरात दिराच्या जागेवरून धुसफूस सुरू झाली. माझं चुकतंय का?"

सचिवताई,

चुकत नाहीये. दिराचं शेवटी बोलू, ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

"लोकांनाच गरज वाटत नाही" हे वाक्य एकेकाळी मीही बोललोय, त्यामुळे संस्थेवर फार चिडू नका. बांबूकामाचे वर्ग घ्यायला लागलो, त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. तालुक्याच्या ठिकाणी सभागृह, यादीत तीस नावं, फीत कापायला पाहुणे. दहाव्या दिवशी समोर नऊ जण. तणतणत एका गावात गेलो, गैरहजर मंडळींना जाब विचारायला. सगळी चिखलात वाकलेली सापडली. जुलै होता, धानाची रोवणी जोरात होती. एक म्हातारी मान वर न करताच म्हणाली, "बांबू का पळून जाते जी? रोवणा सरला का मग काम नाई भेटत." वेळापत्रक ठरवताना आम्ही पाहुण्यांची सवड बघितली होती. रोवणीची कुणी बघितली नव्हती.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. ज्यांच्याकडे बांधी, म्हणजे स्वतःचं धानाचं शेत नाही, त्यांच्याकडे इच्छा असते, डोकं असतं, हातही असतो. नसतात ते मोकळे दिवस. आज काम केलं तर आज चूल पेटते. त्यांच्याकडून नव्वद दिवस मागणं म्हणजे नव्वद दिवसांची रोजी मागणं, आणि ती आपण फुकटात मागतो. बारावी झालेल्या पोराला घरी ताट वाढून मिळतं, म्हणून तो टिकतो. त्याच्या टिकण्याचं श्रेय त्याच्या आईला द्यायला हवं, चिकाटीला नंतर.

तेव्हा संस्थेला पहिला प्रश्न विचारा: तीन महिने कोणते? तुमच्याकडचं वर्ष तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. जुलै-ऑगस्टात रोवणी. नोव्हेंबरात धान कापणी, पाठोपाठ चुरणं, म्हणजे मळणी. मार्च-एप्रिलात पहाटे उठून मोह वेचायचा. मे महिन्यात तेंदू, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत घरातलं शाळकरी पोरसुद्धा कामाला लागतं. या दिवसांत कुणी वर्गात बसलं, तर मला त्याच्या शहाणपणाची शंका येईल. उरतात ते डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचे दिवस. योगायोग असा की बांबूलाही हेच दिवस मानवतात. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे नवे कोंब फुटतात, तेव्हा बांबूच्या बेटात कोयता घेऊन शिरायचंच नसतं. थंडीत तोडलेल्या काठीत पिठूळपणा कमी असतो, त्यामुळे भुंगाही कमी लागतो. फेब्रुवारी संपला की मोहावर जायचंय, हे सगळ्यांना आधीच माहीत असलं की मधल्या गळतीचा प्रश्न निम्मा सुटतो. म्हणजे तीन महिन्यांचे अडीच महिने होतील. होऊ द्या. मध आणि डिंक या दिवसांत कोंबायची गरज नाही, त्याचं पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट रोजीची. चहा-नाश्ता किंवा 'प्रवासभत्ता' म्हणून पाकिटात कोंबलेल्या दोन नोटा मला चालत नाहीत. गावात त्या दिवसांत जी मजुरी चालते तेवढी, आठवड्याच्या आठवड्याला, हातात. समितीत लगेच कुणीतरी म्हणेल की मग लोक पैशासाठीच येतील. येऊ द्या की. तहसीलदारही कचेरीत पैशासाठीच येतात, त्यांच्या निष्ठेवर आपण शंका घेत नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं, प्रशिक्षण हेच काम करा. नाहीतरी तुमच्या ग्रामसभेला यंदा बांबू तोडायचा असेलच. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनउपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या बाकी उपजात धरलाय, त्याची मालकी ग्रामसभेची. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू स्वतःच्या परवान्यावर बाहेर काढायला एप्रिल २०११ उजाडावा लागला. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२मध्ये नियम बदलले, आणि आता गौण वनउपजाचा वाहतूक परवाना देण्याचं काम तुमचीच समिती करते. ही लढाई तुमच्या आधीच्यांनी लढून ठेवलीय, तिचा उपयोग करा. व्यवस्थापन आराखड्यात यंदा ज्या भागात तोड ठरलीय, तोच भाग प्रशिक्षणाला घ्या. शिकणाऱ्यांनी तोडलेला बांबू ग्रामसभेनं विकायचा, त्यातून तोडणीची मजुरी निघते. शिकाऊ हात निम्मंच काम करतात, तो निम्मा फरक संस्थेनं भरायचा. संस्थेला हे पटवायला वेळ लागेल, कारण त्यांच्या अंदाजपत्रकात बॅनर, फाइल आणि जेवणावळीला रकाना असतो, मजुरीला नसतो. रकाना नसेल तर तसं लेखी द्या म्हणावं. लेखी द्यायची वेळ आली की बरेच रकाने सापडतात.

एक सावधगिरी. सागाला हात लावायच्या भानगडीत कुणी पडू नये. इमारती लाकूड गौण वनउपजात येत नाही. 'लाकडी वस्तूंचं प्रशिक्षण' असं काही कागदात हळूच घुसवलं असेल, तर आत्ताच खोडा.

आता माणसं निवडायचं. अर्ज मागवले इथंच गाडी घसरली. अर्जाला पेन लागतो, फोटो लागतो, आधारची झेरॉक्स लागते आणि मुख्य म्हणजे 'आपल्याला घेतील' असा विश्वास लागतो. शेवटची गोष्ट विकत मिळत नाही. अर्ज रद्द करा. तुम्ही आणि समितीतली अजून एक बाई, दोघी मिळून घरोघर जा. संध्याकाळी जा, दिवसा ती घरं बंद असतात. ग्रामसभेत निकष असा ठेवा की ज्यांच्याकडे बांधी नाही आणि जे वर्षातले बहुतेक दिवस दुसऱ्याच्या बांधीत राबतात, त्यांचा नंबर आधी. हे ठरवायला गावाला सर्वेक्षण लागत नाही. मात्र नावांची यादी सभेत मोठ्यानं वाचू नका, आणि 'वंचितांसाठी' असा फलक तर मुळीच लावू नका. त्या फलकाखाली बसून स्वतःच्या पोरांसमोर फोटो काढून घ्यायला कुणाला आवडेल? 'ग्रामसभेची बांबू तोड आणि शिकवणी' एवढं पुरे. मेंढा-लेखात निर्णय सर्वसहमतीनं घेतात, बहुमतानं नाही. तसं केलंत तर दोन सभा जास्त लागतील, पण नंतर "सचिवानं आपली माणसं भरली" असं कुणी म्हणणार नाही. कुणी आदिवासी नाही म्हणून त्याला वगळा, असा सूर निघाला तर सांगा की कायद्यातली ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ. बुरडाचं घरही त्यातच आलं.

आणि आता त्या घराबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तेच आहे. "मला काय शिकवता?" काकूंनी अगदी बरोबर विचारलंय. त्या विद्यार्थिनी कशाला होतील, त्या तुमच्या मास्तरीण आहेत. ओल्या बांबूची पेराला न तुटणारी, कागदासारखी सारखी पट्टी काढायला शहरातून आलेल्या प्रशिक्षकाला बराच काळ गेलेला असतो, आणि तरी तो काकूंच्या निम्म्या वेगानं काढतो. मी स्वतः त्यातलाच. संस्था म्हणेल की प्रशिक्षकाला अमुक शिक्षण हवं, प्रमाणपत्र हवं. मग कागदोपत्री त्यांचा माणूस ठेवा, पण हातकाम काकूंनी शिकवायचं आणि मानधन दोघांना सारखं.

याला दुसरी बाजू आहे आणि ती न बघता झालेली प्रशिक्षणं मी पाहिलीत. वीस जणांना सुपं-टोपल्या विणायला शिकवलंत, तर पंचक्रोशीच्या बाजारात सुपं स्वस्त होतील आणि पहिली चूल विझेल ती काकूंची. वंचितांचं भलं करताना गावातल्या सगळ्यात वंचित घराचा धंदा बुडवायचा, हा प्रकार सहज घडतो. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण अहवालात वीसच नावं असतात. म्हणून काकूंशी आधीच बोलून घ्या: सूप आणि टोपली त्यांची, त्यात कुणी उतरायचं नाही. बाकीच्यांनी काय करायचं ते त्यांनाच विचारा. कुडाचे ताटवे, भाजीच्या वेलांचे मांडव, रोपवाटिकेची कुंपणं, प्रतवारी करून बांधलेली मोळी, अशी बिनचमकीची कामं चालतात. प्रदर्शनात मांडायचे दिवे आणि मोबाइल ठेवायचे स्टँड यांपासून दूर राहा. ते एकदा विकत घेतात, तेही ओळखीचे लोक.

शिकवणीची सुरुवात कशी करायची, यावर मी हट्टी आहे. पहिले दोन दिवस कुणाच्याही हातात कोयता नको. हा हट्ट मला महागात पडून आलाय. एका वर्गात पहिल्याच सकाळी मी वीस कोयते वाटले आणि दुपारच्या आत एका मुलाच्या अंगठ्याला टाके पडले. तो परत आला नाही, आणि त्याचा भाऊही.

पहिले दोन दिवस नुसतं बेटात हिंडायचं, मोजायचं. या वर्षीची काठी ओळखायला शिकवा. तिच्या पेरांवर साल अजून चिकटलेली असते, अंगावर पांढरट भुकटी असते. जुनी काठी निस्तेज, ठिपके पडलेली. बांबू एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, पण पक्का व्हायला त्याला तीन वर्षं लागतात, हे पुष्कळांना माहीत नसतं, पुस्तकं वाचलेल्यांना तर नाहीच. मग प्रश्न विचारा: कोणती तोडायची? सगळे बाहेरच्या कडेची दाखवतील, कारण ती हाताला येते. पण नवे कोंब कडेलाच फुटतात. कड तोडली की बेट आत आत गुदमरत जातं. पक्क्या काठ्या आत असतात, म्हणून एका बाजूनं घोड्याच्या नालेसारखी वाट करून आत शिरायचं. जमिनीपासून वीत ते हातभर उंचीवर, पेराच्या अगदी वर वार करायचा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. प्रत्येक बेटात निदान आठ पक्क्या काठ्या राखायच्या, नव्या कोंबांना आधार म्हणून. हे ज्याला समजलं, तो पुढे ठेकेदाराच्या मजुरांना "ही काठी नाही" असं सांगू शकतो. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणात याहून मोठं कौशल्य नाही. पट्टी काढणं नंतर.

विधवा बाईच्या लेकराचं उत्तर साधं आहे. गावातली एखादी म्हातारी बेटाजवळच्या सावलीत पोरं सांभाळेल, तिलाही रोजी द्या. एका पोरासाठी नको वाटेल, पण तशी सोय आहे हे कळलं की अजून तीन बाया येतील. आणि जंगलात काम करताना तिची जोडी दुसऱ्या बाईशी लावा, कुणा पुरुषाशी नको. ती हे तुमच्याकडे मागणार नाही. तुम्हीच करा.

ऐकू न येणाऱ्या मुलाबद्दल मला काळजी कमी आणि उत्सुकता जास्त आहे. पट्टी काढणं, विणणं ही कामं डोळ्यांनीच शिकायची असतात. त्याला काकूंच्या समोर बसवा, बाजूला नको, आणि कुणी पाठ करून बोलू नये एवढा नियम करा. तोडीच्या वेळी मात्र धोका खरा आहे. काठी पडताना आपण ओरडतो, ते त्याला ऐकू येणार नाही. त्याचा एक जोडीदार ठरवा. जोडीदारानं खांद्याला हात लावल्याशिवाय दोघांपैकी कुणी वार करायचा नाही. त्याच्या डोक्याला लाल फडकं बांधा, म्हणजे बाकीच्यांना लांबून कळेल. शक्य असेल तर फडकं सगळ्यांनाच बांधा, त्याला एकट्याला नको.

पिणाऱ्या माणसाला घ्या. अट एकच, आणि ती सगळ्यांना सारखी: ज्या दिवशी घेतली असेल त्या दिवशी हत्यार मिळणार नाही. हाकलायचं नाही, बोलायचंही नाही. मोळ्या मोजायला, बांधायला बसवायचं आणि त्या दिवसाची रोजी निम्मी. अशी माणसं मी सुधारलेलीही पाहिलीत आणि न सुधारलेलीही, त्यामुळे वचन देत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की तो कामाला चांगला आहे.

हत्यारांचं: शेवटच्या दिवशी मिळणाऱ्या किटवर विश्वास ठेवू नका. शिलाई मशिनी का आल्या नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचा कोयता, त्यावर स्वतःची खूण, सोबत धार लावायचा दगड. कोयते तुमच्याच भागातल्या लोहाराकडून करून घ्या आणि बायकांसाठी मूठ बारीक करायला सांगा. संस्थेकडून येणाऱ्या कोयत्यांची मूठ बहुधा कुणा पहिलवानाच्या हाताच्या मापानं घेतलेली असते. पंधरा दिवस पूर्ण केले की कोयता कायमचा त्याचा. बाकी काही झालं नाही, तरी एवढं घरात राहील.

मधाचा वर्ग उन्हाळ्यात वेगळा घ्या, चार-पाच दिवसांचा. आग्या मोहोळाला जाळ लावून माश्या मारण्याऐवजी अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिल्लांचा ठेवायचा, म्हणजे वसाहत जगते. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकलेला माणूस मिळाला तर उत्तम. डिंकाची मला घाई वाटत नाही. कडईच्या झाडावर कुऱ्हाडीचे खोल घाव घालून झाडं मेलेली मी पाहिलीत. नीट शिकवणारा मिळेपर्यंत तो विषय कागदावरच राहू दे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तुमच्या वीस जणांतून पुढे कुणाला खोलात शिरावंसं वाटलं तर तिकडे पाठवा, पण ते पुढच्या वर्षी. लेकुरवाळ्या बाईला आधी गावातच शिकू दे.

आता दीर. त्याला सरसकट नाही म्हणू नका. तोडीला जसे कोयते लागतात तशी वहीही लागते. किती काठ्या निघाल्या, प्रतवारी काय, कुणाची किती रोजी झाली, परवान्यावर काय लिहिलं, गाडीत प्रत्यक्ष किती चढलं. ठेकेदार लुटतो तो जंगलात नाही, या वहीत. शिकलेल्या पोरांपैकी चौघांना हे काम द्या, वीसच्या बाहेर, आणि त्यातला एक तुमचा दीर असू दे. फक्त वही दर शनिवारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. तो तयार झाला तर घरातली धुसफूस थांबेल. नाही झाला, तर त्याला प्रमाणपत्र हवं होतं एवढं तरी घरच्यांना कळेल.

समितीतल्यांनी "टिकतील का" असं पुन्हा विचारलं, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं सांगा. तेंदूच्या पानांसाठी फांद्या छाटणं आणि आगी लावणं जंगलाला नको, म्हणून त्या ग्रामसभेनं तेंदूचा हातातला पैसा सोडून बांबूवर भर दिला. पोट हातावर असलेली माणसंही दूरचं बघतात. फक्त तोवरच्या दिवसांची रोजी कुठून येणार, ते कुणीतरी सांगावं लागतं.

धान चुरून व्हायच्या आत काकूंकडे जा. संस्थेच्या माणसाला सोबत नेऊ नका. मानधनाचा आकडा आधी त्यांना सांगू द्या, आणि त्या कमी सांगतील, तर वाढवा.